पयले मोजा, मंग खोला!

वीकेंडला मामाच्या गावी आमरस ओरपायला गेले आणि चक्क एका बग्गीच्या इंजिनात हात काळे करून आले. 'कॉम्प्रेशन गेलंय' हे दोन शब्द ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्या सगळ्या बाइकवाल्या मंडळींसाठी हा मलकापूर रिपोर्ट!

"ताई, इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलं. बाबांना सांगू नको."

मलकापूर स्टेशनबाहेर माझी सॅक खांद्यावर टाकता टाकता मामेभावाने हे वाक्य माझ्या कानात सोडलं. 'प्रवास कसा झाला', 'चहा घेतला का' वगैरे फॉर्मॅलिटीज नाहीतच. रात्री पुण्यात महाराष्ट्र एक्सप्रेस पकडताना माझा प्लॅन अगदी सिंपल होता. चार दिवस लॅपटॉप बंद, मामीच्या हातचा आमरस आणि दुपारभर कूलरसमोर ताणून देणं. मे महिन्यातल्या मलकापुरात दुसरं करणार तरी काय? विदर्भाचं हे प्रवेशद्वार उन्हाळ्यात प्रवेशद्वार कमी आणि भट्टीचं दार जास्त वाटतं.

पण भावाचा चेहरा पाहिला आणि कळलं, आमरस वेटिंगवर!

घोडे नसलेली बग्गी

बग्गी म्हटल्यावर लग्नातली घोड्यांची, दिव्यांची बग्गी डोळ्यांसमोर आली असेल तर ती आधी पुसून टाका. ही बग्गी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यात एक सीट, चार जाडजूड टायर आणि पाठीमागे धडधडणारं छोटंसं इंजिन. दारं नाहीत, काचा नाहीत. रस्ता नसेल तिथे जायचं, हाच तिचा फंडा.

देशभरातली इंजिनिअरिंगची पोरं या बग्गीसाठी वेडी असतात, त्याचं कारण आहे 'बाहा' नावाची स्पर्धा. १९७६ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात ती सुरू झाली आणि २००७ मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला भारतात आली. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी डिझाइन करायची, स्वतः वेल्डिंग करायची आणि मग खड्डे, चढ, चिखल यांतून पळवायची. शेवटी चार तासांची एंड्युरन्स रेस. गंमत म्हणजे इंजिन मात्र आपल्या मनाचं नाही. कित्येक वर्षं सगळ्या टीम्सना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं, ३०५ सीसीचं एकाच जातीचं इंजिन वापरावं लागायचं. म्हणजे शंभर सीसीच्या बाइकपेक्षा थोडीशीच जास्त ताकद आणि तीही सगळ्यांना सारखी. त्यातला एखादा हॉर्सपॉवर जरी गळाला, तरी खेळ खल्लास!

मामेभाऊ शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी सरावासाठी घरच्या अंगणात एक बग्गी उभी केली होती. त्याच जातीचं जुनं इंजिन सीनियर मुलांकडून विकत घेतलं होतं. पैशांतला मोठा वाटा मामाचा. मामा जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला आहे. कपाशीच्या हंगामात जादा पाळ्या करून त्याने ते पैसे बाजूला काढले होते. देताना एकच अट घातली होती. "हे वाया गेलं तं मंग गाडीचा नाद सोडायचा अन् बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा."

आता कळलं ना, भावाचा आवाज का बसला होता ते?

सत्तर म्हणजे पास की फेल?

तक्रार काय, तर सकाळी थंड असताना बग्गी पहिल्या-दुसऱ्या दोरीत सुरू होते. दहा-पंधरा मिनिटं बरी पळते. मग पिकअप जातो, चढावर दम लागतो आणि बंद पडली की गार होईपर्यंत सुरूच होत नाही. भावाने मित्राकडून कॉम्प्रेशन गेज आणला होता. प्लग काढून त्या जागी गेज लावला, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि सहा-सात वेळा दोरी ओढली. काटा सत्तरच्या आसपास थांबला. कुठेतरी त्याने वाचलं होतं की दीडशे हवं. झालं! फोनवरच कुणीतरी निदान केलं, 'बोअर करा, पिस्टन-रिंग बदला.' सोमवारी इंजिन खोलायचं ठरलंसुद्धा.

इथे जरा थांबून कॉम्प्रेशन म्हणजे काय ते पाहू. (कॉलेजात मास कॉमला होते हो मी, पण चार दिवसांत शिकले!) इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण येतं. पिस्टन ते वर दाबतो. दाबलेल्या मिश्रणावर ठिणगी पडली की जो धक्का बसतो, त्यावर गाडी चालते. दाबलंच नाही तर भडका होतो, पण ताकद मिळत नाही. १८६० मध्ये फ्रान्समध्ये लेन्वारने बनवलेल्या इंजिनात मिश्रण आधी दाबण्याची सोयच नव्हती. ते चालायचं, पण भरमसाट गॅस खाऊन जेमतेम काम करायचं. १८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ऑटोने आधी दाबायचं, मग पेटवायचं हे चार ठोक्यांचं गणित बसवून दाखवलं आणि जग बदललं. तुमची बाइक आजही त्याच गणितावर पळते. असं छोटं इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला तीस वेळा मिश्रण दाबत असतं. तेव्हा दाब गळायला लागला तर किती फरक पडेल, तुम्हीच विचार करा.

आणि गळायला जागा तरी किती? फक्त चार. पिस्टनच्या रिंगांजवळून खाली, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हमधून, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या पॅकिंगमधून. चारांपैकी कोण चोर, हे न पाहता थेट बोअर करणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून अपेंडिक्स काढून टाकण्यासारखं!

चाचांची एन्ट्री

हायवेच्या बाजूला एका चाचांचं गॅरेज आहे. शेतातल्या पंपाची इंजिनं, फवारणीचे पंप, जुन्या मोपेड असं सगळं त्यांच्याकडे येतं. भावाने गेजचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "दोरी ओढताना हाताला झटका बसते का?"

"आधी बसायचा. आता नाही बसत," भाऊ म्हणाला.

"मंग सत्तरचं काहून टेन्शन घेऊन राहिला? दोरीच्या इंजिनात आकडा कमीच दिसते."

पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. दोरीने सुरू करायच्या अशा इंजिनांत माणसाचा हात मोडू नये म्हणून एक सोय असते. इंजिन हळू फिरत असताना कॅमवरची छोटीशी रचना एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. थोडा दाब मुद्दाम सोडून दिला जातो, म्हणून दोरी हलकी लागते. इंजिनाने वेग घेतला की या सोयीचा परिणाम उरत नाही. साहजिकच दोरी ओढून घेतलेला आकडा नेहमीच कमी येणार. त्यावरून इंजिन मेलं असं म्हणणं म्हणजे झोपेतल्या माणसाची नाडी मोजून त्याला आजारी ठरवणं!

"पण गरम झाल्यावर बंद पडते ते?" मी विचारलं.

"ते खरं आहे. कुठंतरी गळून राहिलं. पण पयले मोजा, मंग खोला."

असं म्हणून चाचांनी कपाटातून एक जुगाड काढला. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून काढलेली आणि उरलेल्या पोकळ बुडाला ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह झाळून बसवलेला. व्हॉल्व्हची आतली पिन काढलेली. "प्लगच्या जागी बसवा, पायपंपानं हवा भरा अन् ऐका. इंजिन सोताच सांगते."

अंगणातली ओपीडी

दुसऱ्या दिवशी पहाटे सहालाच आम्ही अंगणात. मलकापुरात मे महिन्यात नऊनंतर लोखंडाला हात लावणं म्हणजे तव्यावर हात ठेवणं.

पहिली टेस्ट तेलाची. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचं, दोन-तीनदा दोरी ओढून ते पसरू द्यायचं आणि पुन्हा गेज लावायचा. रिंगा झिजल्या असतील तर तेल त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं आणि आकडा चांगलाच वर जातो. आमचा काटा मात्र होता तिथेच, सत्तरच्या आगेमागे. म्हणजे रिंगा शाबूत! भावाने आकाशाकडे बघून हात जोडले. बोअर, पिस्टन, रिंग हा सगळा खर्च एका चमचाभर तेलाने वाचवला.

दुसरी टेस्ट हवेची. ही गरम इंजिनावर करायची, कारण आमची तक्रारच गरम झाल्यावरची होती. बग्गी पंधरा मिनिटं चालवली, बंद केली आणि प्लग काढून चाचांचा जुगाड बसवला. दाबाच्या ठोक्यात पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणून ठेवला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. क्रँकला पाना लावून भावाने तो घट्ट धरला. (हे महत्त्वाचं आहे. हवेच्या दाबाने पिस्टन खाली गेला तर पाना गरकन फिरतो, म्हणून तोंड आणि बोटं लांब!) मी पायपंप मारला. अगदी बेताने.

आणि मग ऐकलं.

ऑइलच्या कांडीच्या भोकापाशी कान नेला. जवळजवळ शांत. कार्बोरेटरपाशी शांत. हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडे नाहीत. मग सायलेन्सरच्या तोंडाशी गेले आणि तिथे स्स्स्स्स... प्रेशर कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो ना, अगदी तसा आवाज! पंपावरचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता.

चोर सापडला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह!

मी आनंदाने उडीच मारली. भाऊ मात्र गप्प. त्याने टॅपेटचं कव्हर खोललं, इंजिन गार होऊ दिलं, पिस्टन वरचं टोक ओलांडून जरासा पुढे घेतला आणि चाचांकडून आणलेल्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी एक्झॉस्टच्या फटीत घालून पाहिली. पट्टी आत गेलीच नाही. फट उरलीच नव्हती.

"ताई, हे मीच केलं," तो म्हणाला.

झालं होतं असं. महिन्याभरापूर्वी दोरी ओढताना हाताला जोरात झटका बसायला लागला. फट जास्त झाली की ती दाब सोडायची सोय नीट काम करत नाही आणि दोरी हिसका देते. टॅपेट सेट करायला हवेत, हे त्याचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. पण फिलर गेज जवळ नव्हता आणि मित्रांसमोर 'थांबा, गेज आणतो' म्हणायला लाज वाटली. म्हणून त्याने अंदाजपंचे आवळले. झटका गेला, सगळे खूश. पण इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते. त्या लांबीसाठीच ती केसाएवढी फट ठेवलेली असते. फटच नसेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि पेटलेला गॅस त्या चिरेतून जाऊन व्हॉल्व्हची कड जाळायला लागतो. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर बेदम. सगळं कोडं सुटलं!

आता एकच प्रश्न उरला. मामाला कोण सांगणार?

एकशे सत्तर किलोची गोष्ट

रात्री जेवताना मामानेच विषय काढला. "काहून रे, ताई पुण्याहून आराम करायला आली अन् तू तिले ग्रीस लावून राहिला?"

भावाने पोळी खाली ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. झटका, अंदाज, लाज, सत्तरचा आकडा, सोमवारी लपूनछपून इंजिन खोलायचा बेत, सगळं. मामीने माझ्याकडे पाहिलं. मी आमरसाच्या वाटीकडे पाहिलं.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडं रुई दाबून गाठ बांधतात, तू पाह्यलं ना? एक गाठ एकशे सत्तर किलोची. पंचवीस वर्षं झाले मले प्रेसवर. गाठ पाहूनच वजन सांगतो मी, दोन-चार किलोचा फरक पडत नाही. तरी हर गाठ काट्यावर चढते. अंदाजानं गाठ पाठवतो म्हणणारा माणूस आमच्याकडं एक दिवस टिकणार नाही."

भावाची मान आणखी खाली गेली.

"अन् चुकलं हे तू सोता सांगितलं," मामा पुढे म्हणाला. "उद्या ते पट्ट्याचं गेज इकत घेऊन ये. पैसे मी देतो. बँकेचा क्लास सध्या राहू दे."

मी पुण्यात अप्रेझल, फीडबॅक, परफॉर्मन्स रिव्ह्यू यांवर ढिगाने लेख लिहिलेत. इतकं छोटं आणि इतकं फेअर अप्रेझल मी कधी पाहिलं नव्हतं. खरंच!

रविवारची टेस्ट ड्राइव्ह

पुढचं काम वेळखाऊ होतं, पण अवघड नव्हतं. नुसती फट दुरुस्त करून पुन्हा हवा भरली तेव्हा स्स्स् कमी झालं, पण थांबलं नाही. महिनाभर गळून व्हॉल्व्हच्या कडेवर काळा डाग पडला होता. म्हणून हेड खोललं. आता मात्र मोजून, कारण माहीत असताना. चाचांच्या देखरेखीखाली व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि रबरी चोखणीच्या काठीने तो सीटवर दोन्ही तळहातांत फिरवत घासला, ताक घुसळतो तसा. कडेभोवती सलग राखाडी पट्टी दिसली तेव्हा चाचा म्हणाले, "बस." पेस्टचा कण न् कण पुसून काढला, नवीन हेड पॅकिंग टाकलं आणि टॅपेटची फट इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापाने ठेवली. एअर फिल्टरचा स्पंजही धुतला. काळ्या मातीची धूळ फिल्टर चुकवून आत गेली तर ज्या रिंगा या वेळी वाचल्या, त्या पुढच्या वेळी वाचणार नाहीत.

खर्च? पॅकिंग, पेस्टची डबी आणि फिलर गेज मिळून हजाराच्या आत. तुमच्या एका वीकेंडच्या पिझ्झा-मूव्हीपेक्षा कमी!

रविवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर बग्गी टेम्पोत घालून ओळखीच्या एका रिकाम्या वावरात नेली. (अशी बग्गी रस्त्यावर चालवायची परवानगी नसते, हे लक्षात ठेवा.) हेल्मेट, बेल्ट, सगळं जागच्या जागी. भाऊ दहा मिनिटं पळवत होता. वीस. तीस. कपाशीच्या जुन्या सऱ्यांवरून बग्गी बेडकासारखी उड्या मारत होती आणि पाठीमागे काळ्या धुळीचा पडदा. चाळीस मिनिटांनी त्याने इंजिन बंद केलं. खरी परीक्षा आता होती. गरम इंजिन, एक दोरी.

धड धड धड धड!

बांधावर मामा उभा होता. टाळ्या वगैरे नाहीत. त्याने फक्त घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "किती मिनिटं झाले, लिहून ठेवलं का?"

तुमच्या बाइकसाठी झटपट टिप्स

तुमच्या घरी बग्गी नसेल, पण पार्किंगमध्ये बाइक तर आहे ना? पिकअप गेला आणि मेकॅनिकने 'बोअर' हा शब्द उच्चारला, तर हा क्रम लक्षात ठेवा.

* आधी सोप्या गोष्टी पाहा. एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल. निम्मी दुखणी इथेच बरी होतात.
* लक्षण नीट सांगा. थंड असताना त्रास की गरम झाल्यावर? निळसर धूर आणि कमी होणारं ऑइल रिंगांकडे बोट दाखवतं. गरम झाल्यावर दम जाणं टॅपेटकडे बोट दाखवू शकतं.
* कॉम्प्रेशनचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशीच ताडून पाहा. दुसऱ्या गाडीचा आकडा तुमच्या कामाचा नाही.
* चमचाभर तेलाची टेस्ट करायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग.
* हवा भरून ऐका. सायलेन्सरमध्ये आवाज आला तर एक्झॉस्ट, कार्बोरेटरच्या बाजूला आला तर इनटेक, ऑइलच्या भोकात आला तर रिंगा, सांध्यावर बुडबुडे आले तर पॅकिंग.
* घरी करत असाल तर मोकळ्या हवेत. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीच चालू ठेवू नका, तो धूर जीवघेणा असतो. प्लग काढून दोरी किंवा किक मारताना इग्निशन बंद हवं, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिला एक ठिणगी पुरते.

परतीच्या गाडीत बसले तेव्हा नखांतलं ग्रीस गेलं नव्हतं. भुसावळ यायच्या आत भावाचा मेसेज आला. एका वहीच्या पानाचा फोटो होता. वरती तारीख, खाली दोन टॅपेटची मापं, गेजचा आकडा आणि शेवटी बारीक अक्षरात 'गरम रीस्टार्ट : एक दोरी'.

आमरस? तो शेवटच्या दिवशी तीन वाट्या हाणला. मोजून!